मोठ्या पिंपाचा जोडीदार

ऑफिसातल्या मॅडम नव्या माणसाला घेऊन पिंपखात्याच्या दारात आल्या, तेव्हा काका रंध्याच्या पात्याला धार लावत बसले होते.

"काका, हे आपले नवे पिंपवाले," मॅडम म्हणाल्या. "यांना सगळी कंपनी तुम्ही दाखवायची."

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मी?"

"तुम्हीच. बूट, कपाट, चहाची जागा, आग लागली तर पळायचं दार आणि मुख्य म्हणजे काम. महिनाभर हे तुमच्याजवळ. जरा बोला हं त्यांच्याशी."

शेवटचं वाक्य मॅडमनी हसत म्हटलं. बोलणं हा काकांचा प्रांत नव्हता. एकदा ते रजा मागायला ऑफिसात गेले होते आणि दारात गर्दी दिसली म्हणून परत येऊन कामाला लागले होते, हा किस्सा खात्यात अजून चघळला जायचा. लाकूड मात्र त्यांचं ऐकायचं, आणि लाकडाशी बोलावं लागत नाही.

कंपनी व्हिनेगरची. पुढच्या बाजूला सगळा स्टीलच्या टाक्यांचा आणि बाटल्यांचा खडखडाट, पण चांगला माल मुरायला अजूनही लाकडी पिंपच लागायचं. त्यासाठी मागे हे खातं ठेवलेलं. फळ्यांच्या चळती, मध्ये एक मोठी शेगडी, कोपऱ्यात पिंपांची लोखंडी कडी वाकवायची भट्टी, आणि सगळ्यांवर वर्षानुवर्षांचा आंबट वास. या वासानं घरची माणसं आधी नाकं मुरडत आणि मग विसरून जात.

नवा माणूस चाळिशीचा होता. अंगानं आडवा, डोक्यावर केस कमी, आणि तोंडाला विसावा नाही.

"हे बूट," काका म्हणाले.

"वा, बूट एक नंबर आहेत. आमच्या जुन्या कारखान्यात बूट म्हणजे काय, ज्याचे पाय आधी पोचतील त्याचे! आणि वास तर काय सुंदर सुटलाय इथं. हसू नका, काका. आम्ही खारवलेल्या मासळीची पिंपं बांधायचो. त्याच्यापुढे हे म्हणजे अत्तर."

"हे कपाट."

"ह्याला आरसा पण आहे! माझी आई म्हणेल, तुला कशाला हवा, विंचरायला काय उरलंय?"

पळायच्या दारापाशी काका थोडे अडले. मग त्यांनी दार उघडलं, बंद केलं आणि नव्याकडे पाहिलं.

"समजलं," नवा म्हणाला. "आग लागली की हे."

अशी सगळी कंपनी दाखवून झाली. काका जेवढं कमी बोलत, तेवढी भर नवा घालत होता. त्यामुळे काकांना वाटलं होतं त्यापेक्षा काम सोपं गेलं. खात्यात परत आल्यावर मात्र नव्यानं चळतीतली एक फळी उचलली, अंगठ्यानं तिची कड चाचपली, नाकाशी धरली, आणि एकदम गप्प झाला.

"कारखाना बंद पडला आमचा," तो मग म्हणाला. "प्लास्टिकचे डबे आले, लाकूड कोण विचारतो? तेव्हापासून फर्निचरच्या दुकानात होतो. लोकांची कपाटं जिन्यानं वर चढवायची. खालून मी, वरून दुसरा. पिंपाला हात लागला नाही इतकी वर्षं." त्यानं फळी जागेवर ठेवली. "इथं जमलं तर जमलं, काका. नाही जमलं तर जिने आहेतच. पिंपवाला म्हणून ठेवून घेणारी दुसरी कंपनी माझ्या तरी ऐकिवात नाही."

काकांना यावर काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी त्याच्यासमोर चहाचा कप सरकवला.

*

आता मोठ्या पिंपाची गोष्ट सांगायला हवी.

लहान पिंप एकटा माणूस बांधतो. मोठं पिंप, छातीपर्यंत येणारं, एकट्याचं काम नाही. फळ्या कड्यात उभ्या करून आतून शेगडीची धग देऊन वाकवल्या, की वरून एकेक लोखंडी कडं पोटाकडे ठोकत न्यावं लागतं. कडं सगळीकडून सारखं उतरायला हवं, नाहीतर फळ्या एका अंगाला आवळतात आणि दुसऱ्या अंगाला सैल राहतात. म्हणून दोघं समोरासमोर उभे राहतात. एका हातात ठोकणी, म्हणजे कड्यावर टेकवायचा लोखंडी ठोकळा, आणि दुसऱ्या हातात हातोडा. एकाचा घाव, मग दुसऱ्याचा, मग एक पाऊल. पुन्हा घाव, घाव, पाऊल. असं करत दोघं पिंपाभोवती फिरतात.

काका असे ज्यांच्याबरोबर फिरले, त्यांना ते दादा म्हणायचे. दादा वयानं मोठे, डावखुरे, गडगडाटी हसणारे. काका कंपनीत लागले तेव्हा दादा आधीपासून होते, आणि तेव्हापासून मोठं पिंप म्हणजे दादा आणि काका असंच समीकरण होतं. दोघांनी ठोकायला सुरुवात केली की बाहेर अंगणात माल उतरवणाऱ्यांचे पाय नकळत त्या ठेक्यावर पडायचे. गेल्या वर्षी दादा गेले. साधा ताप म्हणून घरी राहिले, ते परत आलेच नाहीत. काका तेव्हापासून लहान पिंपं बांधत होते आणि मोठ्या पिंपांच्या फळ्या भिंतीला टेकून धूळ खात होत्या.

खात्याच्या मुकादमानं आता त्यांतल्या फळ्या काढायला लावल्या.

नवा कामाला खोटा नव्हता. फळीला पोट धरणं, टोकाकडे निमुळती करणं, कडेचा उतार नजरेनं काढणं, यात त्याचा हात गंजला होता पण विसरला नव्हता. दोन-तीन दिवसांत तो मोकळा झाला. काका मनातल्या मनात खूश होते. मग फळ्या उभ्या राहिल्या, वाकल्या, पहिलं कडं चढलं, आणि दोघं समोरासमोर ठोकण्या घेऊन उभे राहिले.

काकांचा घाव. नव्याचा घाव. पाऊल.

काकांचा घाव. नव्याचा घाव. पाऊल.

आणखी थोडं झालं, आणि काकांचं कपाळ नव्याच्या खांद्यावर आपटलं.

कोपऱ्यात भट्टीपाशी कडीवाला होता. कडी वाकवणं आणि दुसऱ्यांची टिंगल करणं ही त्याची दोन कामं. तो चिमटा खाली ठेवून हसायला लागला. "अरे, गळाभेट काय घेताय? काम करा!"

झालं होतं असं की काका पिंप उजव्या कुशीला ठेवून चालत होते आणि नवा डाव्या. दोघं एकमेकांकडेच येत होते, अरुंद जिन्यात समोरासमोर आलेल्या माणसांसारखे.

"चुकलं माझं," नवा लगेच म्हणाला. "इथं कसं चालतात?"

"इकडून," काकांनी हात दाखवला.

"पिंप उजवीकडे ठेवून?"

"हो."

काकांनी हे अगदी खरं सांगितलं. मोठ्या पिंपाभोवती ते नेहमी इकडूनच फिरायचे. दुसरीकडून फिरताना त्यांनी कुणाला पाहिलंच नव्हतं.

नव्यानं मान डोलावली आणि पिंप उजवीकडे घेतलं. पण हातोडा होता उजव्या हातात, आणि तो हात आता पिंप आणि बरगड्या यांच्या मध्ये अडकला. त्याला कमरेतून पीळ घालून घाव घालावा लागत होता. घाव तिरका पडायचा. कडं एका बाजूनं केसभर खाली, एका बाजूनं केसभर वर. केसभरच, पण पाण्याला तेवढं पुरतं.

पिंप पूर्ण झालं, झाकणाच्या खाचेत पिठाची खळ भरून झाकण बसवलं, आणि आत गरम पाणी ओतून बूच मारलं. पाणी मुरेपर्यंत दोघं बाजूला बसले. थोड्या वेळानं पिंपाच्या पोटावर एक काळपट रेघ उमटली, मग तिच्यातून थेंब आले. पिंपानं घाम काढला, असं खात्यात म्हणतात.

"पहिलं आहे," काका म्हणाले.

"नव्या नवरीला रडू येतंच," कडीवाला म्हणाला.

नवा हसला. पण दुसऱ्या पिंपानंही घाम काढला, आणि तिसऱ्यानंही. तेव्हा कडीवालासुद्धा मुकाट्यानं भट्टीकडे वळला.

*

हळूहळू नव्याचं बोलणं आटत गेलं.

सुरुवातीला काकांच्या ते ध्यानात आलं नाही. मग एका दुपारी डबा खाताना त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटू लागलं. पाणी घेतलं होतं, चष्मा खिशात होता. मग कळलं, की नवा समोर बसून मुकाट्यानं जेवत होता. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आधीच काळा पडला होता. आता उजव्या हाताच्या अंगठ्यावरही चिंधी होती. काकांनी ती पाहिली, पण डाव्या हातानं हातोडा चालवल्याशिवाय उजवा अंगठा कसा चेचला जाईल, हा विचार काही त्यांच्या डोक्यात आला नाही.

"आई बरी आहे?" काकांनी विचारलं. एवढा प्रश्न काढायला त्यांना अर्धा डबा लागला.

"आहे की," नवा म्हणाला. बस्स, एवढंच.

संध्याकाळी मुकादमानं काकांना बाजूला घेतलं. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना उत्तर त्याला द्यावं लागायचं.

"महिना भरत आला, काका. शनिवारी एक मोठं पिंप बांधा. त्याच्यावर ठरवू. तुमचं काय मत?"

काका बुटाकडे बघत राहिले.

"अहो, बोला ना. तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन. ठोकताना तुम्ही त्याच्या समोर असता, मी नाही."

"हात चांगला आहे," काका म्हणाले. "पण बसत नाही."

"काय बसत नाही?"

"जोडी."

मुकादमानं सुस्कारा सोडला. "मग अवघड आहे. मोठ्या पिंपांसाठीच तर घेतला त्याला. लहान पिंपांना तुम्ही एकटे पुरता."

काका घरी गेले ते मान खाली घालून. आपण खोटं बोललो नाही, असं ते स्वतःला सांगत होते. पण खोटं बोलून आल्यासारखं का वाटत होतं ते त्यांना कळेना. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना हेही ठाऊक होतं, की दादांच्या जागेवर कोणी बसणार नाही याचं त्यांना थोडं बरं वाटत होतं. ते ठाऊक झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका पाय मोकळे करायला बाहेर गेले आणि ऊन लागलं म्हणून लवकर परतले. अंगणात असतानाच त्यांच्या कानावर ठोकण्याचा आवाज आला. स्वच्छ, भरीव आवाज. प्रत्येक घाव मागच्यासारखा, आणि दर घावाबरोबर सूर किंचित चढत जाणारा. कडं बरोबर उतरायला लागलं, फळ्या एकमेकींना भिडल्या, की पिंप असं बोलतं. काका क्षणभर थबकले. असं ठोकणारा खात्यात होता कोण?

ते दारात उभे राहिले. नवा एकटाच एका लहान पिंपावर काम करत होता. पिंप डाव्या कुशीला, ठोकणी डाव्या हातात, हातोडा उजव्यात, खांदा मोकळा. तो चालत होता की पिंपच त्याच्याभोवती फिरत होतं, सांगणं कठीण होतं. तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू होतं. पिंपाशी गप्पा मारत होता तो.

काकांची सावली आत पडली. नवा दचकला आणि चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"सवयीनं उलटा गेलो, काका. माफ करा. जाईल सवय. मी घरी पण करतोय की."

"काय करतोस घरी?"

"डाव्या हातानं ठोकायचा सराव. आईची जुनी लाकडी पेटी आहे, तिच्यावर चिंधी गुंडाळतो आणि तिच्याभोवती चालतो, इथल्यासारखा. आई म्हणते, दिवसभर कंपनीत ठोकून पोट भरत नाही का, माझी पेटी का मारतोस?" तो हसला, मग त्याचं हसू मावळलं. "पण डावा हात ऐकत नाही, काका. चाळिशीत कुठला ऐकायला?"

काकांचा चेहरा असा झाला, की नव्यानं विचारलं, "पाणी देऊ का?"

*

घरी काकू भाजी निवडत बसल्या होत्या. काका आले, हातपाय धुतले, आणि नेहमीसारखे खुर्चीत न बसता त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काकूंनी भुवया वर केल्या.

"मी डाव्या हातानं कधीपासून ठोकतो?" काकांनी विचारलं.

"हे काय मधेच?"

"सांग ना."

काकूंनी भाजी खाली ठेवली आणि त्यांना हसू फुटलं. "विसरलात? अहो, आपलं नवीन लग्न झालेलं. तुम्हाला कंपनीत लागून आठवडा नसेल झाला. संध्याकाळी यायचात आणि पलंगाच्या पायाला उशी बांधून डाव्या हातानं धपाधप ठोकत बसायचात. खालच्या मजल्यावरची बाई वर आली होती भांडायला. मला वाटलं, माझ्या बापानं कुठल्या वेड्याच्या गळ्यात बांधलंय मला!"

काकांना आठवत गेलं. एकदम नाही. आधी ती उशी आठवली, तिच्यावर निळी फुलं होती. मग पहिला दिवस आठवला. दादांनी त्यांना मोठ्या पिंपासमोर उभं करून विचारलं होतं, "काय रे, उजवा की डावा?" त्याआधी दादांचा जुना जोडीदार रोज कुरकुरायचा, की या डावऱ्यामुळे माझी कंबर गेली. शेवटी तो दुसऱ्या खात्यात निघून गेला होता. काकांना हे कोणीतरी सांगितलं होतं. दादांच्या तोंडाकडे पाहून काकांच्या जिभेवर 'उजवा' हा शब्द आलाच नाही. ते म्हणाले होते, "डावा."

"दादा इतके खूश झाले होते," काका म्हणाले. "म्हणाले, देवानंच धाडला तुला! मग मला सांगवेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता हात बसला. मग मीच विसरलो."

"म्हणजे भाऊजींना तुम्ही शेवटपर्यंत सांगितलंच नाही?"

"नाही. त्यांना कळलंच नाही कधी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघं रोज समोरासमोर बसून डबा खायचात. जेवायचात कुठल्या हातानं?"

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"सही कुठल्या हातानं करायचात? चहाचा कप कुठल्या हातानं धरायचात? भाऊजी काय आंधळे होते?"

काकूंनी भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. मग निवडता निवडता त्यांनी वर पाहिलं, तर काकांचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. इतकी वर्षं आपण एक गोष्ट सांभाळून ठेवली असं त्यांना वाटत होतं. आणि समोरचा माणूस, ज्याच्या पोटात एरवी तीळ भिजत नसे, तोही तीच गोष्ट तितकीच जपत आला होता.

"लबाड," काका हळूच म्हणाले.

"दोघंही," काकू म्हणाल्या. "आणि आता त्या नव्या पोराला तुम्ही भाऊजींच्या बाजूनं चालवताय, असंच ना?"

काकूंना काही सांगावं लागत नसे, हा काकांच्या आयुष्यातला मोठाच आधार होता.

*

शनिवारी नवा लवकर आला होता. दाढी घोटून, कपडे स्वच्छ. फळ्या उभ्या करून, धग देऊन वाकवून त्यानं सगळी तयारी केली. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता. पहिलं कडं चढवलं. मग नव्यानं हातोडा डाव्या हातात घेतला आणि पिंप उजव्या कुशीला घेऊन उभा राहिला.

काका समोर आले. त्यांनी आपला हातोडा उजव्या हातात घेतला आणि पिंपाला डाव्या कुशीला घेतलं.

"तुझ्या बाजूनं चल," ते म्हणाले.

नव्याला आधी समजलंच नाही. मग त्यानं घाबरून दाराकडे पाहिलं. "काका, आज परीक्षा आहे."

"माहीत आहे."

"पण इथली पद्धत..."

"पद्धत नव्हती ती," काका म्हणाले. "एका माणसासाठी होतं ते. तो आता नाही. चल."

नव्यानं हातोडा उजव्या हातात घेतला. आणि ठोकायला सुरुवात झाली.

काकांची दैना झाली म्हणायला हरकत नाही. जन्माचा उजवा हात, पण हातोडा विसरलेला. खांदा करकरला. पाय आपोआप उलट्या दिशेला जाऊ लागले. तिसऱ्या की चौथ्या घावाला त्यांनी हातोडा ठोकणीवर न मारता आपल्या अंगठ्यावर मारला आणि 'आई गं' म्हणून हात झटकला.

"काका," कडीवाला भट्टीपाशी पोट धरून हसत होता, "नवा कोण आहे नक्की? मॅडमना बोलवू का? बूट आणि कपाट परत दाखवतील!"

"तू गप रे," नवा त्याला म्हणाला. मग काकांकडे वळून म्हणाला, "काका, घाई नको. माझा घाव पडला की मनात एक श्वास घ्या, मग तुमचा. हातोडा घट्ट धरू नका, तो स्वतः पडतो. हां. पाऊल छोटं. माझ्याकडे बघू नका, कड्याकडे बघा. आत्ता कसं! परत. माझा. श्वास. तुमचा. आमचे म्हातारे उस्ताद काय म्हणायचे माहितीये? पिंपाभोवती असं फिरावं, जसं कोणी झोपलेलं पोर आहे. आता बघा, ठोकायचं हातोड्यानं आणि पोर उठता कामा नये, हा काय सल्ला झाला? पण तेच म्हणायचे. पाऊल. छान."

महिन्याभराचं साचलेलं बोलणं बाहेर आलं होतं. काकांनी आयुष्यात इतके हुकूम ऐकले नव्हते आणि ऐकायला त्यांना इतकं बरंही वाटलं नव्हतं. ते घामानं निथळत होते. मध्येच पाय चुकायचा, नवा थांबायचा, पुन्हा सुरुवात. दुपारपर्यंत ठेका कसाबसा जमला. कडीवाल्यानं मग स्वतःहून दोघांना पाणी आणून दिलं आणि काही टोमणा न मारता परत गेला.

चहाच्या वेळेला मुकादम आला. पिंपात गरम पाणी भरलं होतं. सगळे गोल उभे राहिले. पिंपाच्या पोटाला कोरडं फडकं फिरवलं. एक बाजू कोरडी. दुसरी कोरडी. नव्यानं डोळे मिटून घेतले होते.

मग खालच्या कड्याजवळ एक रेघ काळी झाली. एक थेंब आला, थोडा थांबला आणि ओघळला.

मुकादमानं खाली वाकून पाहिलं. कड्यावर त्या जागी चुकलेल्या घावांच्या चार-पाच खुणा होत्या. बाकी कडं गुळगुळीत.

"हे घाव कुणाचे?" मुकादमानं विचारलं.

"माझेच असतील," नवा म्हणाला.

"माझे आहेत," काका म्हणाले.

मुकादमानं वर पाहिलं. काका सगळ्यांसमोर बोलले होते, हीच आधी नवलाची गोष्ट होती. आणि ते अजून बोलत होते.

"त्याला महिनाभर मी उलटा चालवला. तो उजवा आहे. मीही उजवाच आहे, पण ते मी विसरलो होतो. त्याच्याकडून जी पिंपं गळली ती माझ्यामुळे गळली. हेही माझ्यामुळेच गळतंय. तो एकटा ठोकतो तेव्हा ऐका, मी ऐकलंय. हा महिना त्याचा धरू नका. माझा धरा." काकांना दम लागला. "जोडी बसेल. मला शिकायला थोडा वेळ द्या."

मुकादम दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. "म्हणजे नव्याला मी ठेवून घ्यायचा आणि परीक्षा तुमची घ्यायची, असं म्हणताय?"

"घ्या."

"आणि नापास झालात तर?"

"त्याला विचारा," काकांनी नव्याकडे बोट केलं. "शिकवतोय तो."

कडीवाला खो खो हसला. मुकादमानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या मिशीत अडकलं. त्यानं पिंपावर हाताचा तळवा आपटला.

"ते खालचं कडं आधी आवळा," तो म्हणाला. "आणि सोमवारपासून मोठी पिंपं दोघांच्या नावावर. मॅडमना मी सांगतो."

तो गेला. नव्यानं ठोकणी उचलली. दोघं पिंपाच्या दोन अंगांना उभे राहिले आणि खालच्या कड्याभोवती एकदा, सावकाश, डाव्या कुशीला पिंप ठेवून फिरून आले. थेंब लगेच थांबला नाही. पण बारीक झाला, आणि संध्याकाळी फडकं फिरवलं तेव्हा फक्त एक ओलसर डाग उरला होता. लाकूड फुगलं की तोही जाणार होता.

हात धुताना नवा नळाशी उभा होता. त्याच्या तोंडाला पुन्हा विसावा नव्हता. आईला काय सांगायचं, ती काय म्हणणार, फर्निचरवाल्याला कसं कळवायचं, सगळं एका दमात चाललं होतं. काका सुजलेला अंगठा पाण्याखाली धरून ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांना मधे बोलायला फट सापडली.

"सोमवारी जरा लवकर येशील?" ते म्हणाले. "कोणी यायच्या आत. मला सराव लागेल."